सौताड्याचा कडा

मैत्रिणींनो, बीडला समुद्र नाही हे सांगायला नकोच. पण कडा पाहायचा तर थेट कोकण गाठायला हवं असं नाही. मांजरसुंब्याहून पाटोद्यावरून जामखेडकडे निघालात, की वाटेत सौताडा लागतं. सपाट माळरान, आणि मग एकाएकी जमीनच संपते! विंचरणा नदी इथं खोल दरीत उडी घेते. तळाशी रामेश्वराचं देऊळ. पायऱ्या आहेत, पण परत चढताना गुडघे बोलू लागतात, तेवढं धरून चालायचं.

आपण बायका जातो ते श्रावणात, देवाला. यंदा आम्ही सोमवारची गर्दी टाळून मंगळवारी गेलो. सोबत पुण्याच्या वन्सं आणि भाची. ही भाची प्रस्तरारोहण करते, म्हणजे दोर लावून कडे चढते. वन्संना त्याचाच घोर. “हात-पाय मोडला तर हिला करून कोण घेणार?” हे त्यांचं पालुपद. खरं सांगते, मलाही आतून तसंच वाटे.

खाली डबा सोडला आणि कड्याकडे बघत भाची सांगू लागली. हा काळा दगड लाव्हारसाचा, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा. हरिहरेश्वरला लाटा ज्यावर आपटतात, तोही याच कुळीचा. रस निवताना आकसला, भेगा पडल्या. चढणारीला आधार त्या भेगांचाच! जुन्या रीतीच्या चढाईत दगडाला भोकं पाडत नाहीत. पुढची मुलगी वर जाता जाता भेगेत धातूची पाचर बसवते, तिला कडी अडकवून दोर ओवते. खालची दोर सांभाळते आणि मागून येताना पाचरा काढून आणते. कड्यावर काही राहत नाही. शेवटची पाचर १० फूट खाली असताना हात सुटला, तर पडणं निदान २० फुटांचं! वन्संचा घास हातातच राहिला. समुद्राकाठच्या कड्यावर तर आधी भरतीची वेळ पाहायची, नाही तर परतीची वाट पाण्याखाली.

“मग हा चढतेस का?” मी विचारलं.

“छे, मामी! ओला आहे, शेवाळलाय, वरून दगड सुटतात. पावसाळ्यात याला हात लावायचा नाही,” म्हणून तिनं भाकरीवर ठेचा वाढून घेतला.

वन्सं वर येईपर्यंत गप्प होत्या. वर टेकल्यावर एवढंच विचारलं, “तुझा दोर कोण धरतं? अंगानं कशी आहे?” भाचीनं मैत्रिणीचं नाव सांगितलं. “तिला एकदा जेवायला घेऊन ये.”

तुम्ही जाल तर पाऊस चांगला झाल्यावरच जा. उन्हाळ्यात धार आटते. चपला नकोत, रबरी तळव्याचे बूट घाला. आणि वरच्या काठाशी मुलांचा हात सोडू नका. फोटोसाठीसुद्धा नाही.