उंची कमी, आभाळ जास्त!

कळसूबाई झालं? झालंच असणार. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. बारी गावातून चढाई, लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं छोटंसं मंदिर आणि मंदिराशेजारी फोटोसाठी रांग. पावसाळ्यातल्या रविवारी त्या शिड्यांवर थेट दिवाळीतल्या लक्ष्मी रोडची आठवण येते. मग १४०३ मीटरचा तोरणा. तोही झाला. आता पुढं काय, यावर सोमवारच्या चहाला चर्चा झडते आणि यादी पुन्हा त्याच चार किल्ल्यांवर येऊन थांबते.

अमेरिकेत हा रीतसर छंद आहे. प्रत्येक राज्यातला सर्वांत उंच बिंदू गाठायचा आणि यादीवर टिक मारायची. अलास्कात त्यासाठी ६१९० मीटरचं डेनाली चढावं लागतं. फ्लोरिडात मात्र सर्वांत उंच जागा भरते जेमतेम १०५ मीटर! काही ठिकाणी तर चढाई किरकोळ, पण तिथवर पोचायला लाकडाच्या ट्रकसाठी पाडलेले कच्चे रस्ते हाडं खिळखिळी करतात. तरी यादीत फ्लोरिडाला डेनालीइतकाच मान. आकडा छोटा म्हणून कुणी ती टिक वगळत नाही.

तर या वीकेंडला अशीच एक छोट्या आकड्याची उंची गाठू या. ठिकाण आहे बारामती तालुक्यातलं सुपे.

सह्याद्रीचं शेपूट

सुपे हे नाव शाळेच्या इतिहासात येऊन गेलंय. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं ते सुपे. पण इथल्या भूगोलाकडं फारसं कुणी बघत नाही. सह्याद्रीची एक रांग सिंहगडापासून पूर्वेला निघते, मल्हारगडावरून भुलेश्वरपर्यंत येते आणि मग दमल्यासारखी जमिनीत विरत जाते. रांगेच्या उत्तरेचं पाणी मुळा-मुठा आणि भीमेला मिळतं, दक्षिणेचं कऱ्हेला. रांग संपली तरी जमीन पुरती सपाट होत नाही. ती लाटांसारखी वर-खाली होत राहते. या लाटांवर वसलेला गवताळ माळ म्हणजे सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य.

नाव अर्थातच जवळच्या मोरगावच्या गणपतीवरून आलेलं. स्थापना १९९७ची. क्षेत्रफळ ऐकून मात्र हसू येईल: ५.१५ चौरस किलोमीटर. चौकोनी धरलं तर एक बाजू होते सव्वादोन किलोमीटर. एवढं तर तुम्ही सकाळी तळजाईवर चालता. राज्यातल्या सर्वांत लहान अभयारण्यांत याची गणना होते आणि ते राखलंय प्रामुख्याने एका प्राण्यासाठी. तो म्हणजे चिंकारा.

ट्रक नाही, टँकर

डांबरी रस्ता सुटला की मुरमाचा सुरू होतो. लाल धूळ, मधोमध गवताची पट्टी आणि दोन्ही बाजूंना चाकोऱ्या. पहिल्याच वळणावर बाइकचा वेग आपोआप वीसवर येतो. इथं लाकूडतोड नाही, कारण तोडण्याजोगी झाडंच नाहीत. हिवर, बाभूळ, बोर, खैर, मधूनच एखादा कडुनिंब. सगळे कसे अंग चोरून उभे. सह्याद्रीनं पाऊस पश्चिमेलाच अडवलेला असतो. इथवर पोचतात ते उरलेसुरले ढग.

मग हे रस्ते कुणासाठी? ते आहेत पाण्यासाठी आणि आगीसाठी. उन्हाळ्यात वनविभाग सिमेंटच्या पाणवठ्यांत टँकरनं पाणी सोडतो. टँकर आत यायला रस्ता हवा. आणि वाळलेल्या गवताला ठिणगी लागली तर सगळा माळ तासाभरात काळा होईल, म्हणून ठरावीक पट्ट्यांतलं गवत आधीच काढून किंवा जाळून टाकतात. त्याला म्हणतात जाळरेषा. आग तिथवर येते आणि खायला काही न मिळाल्यानं थांबते.

अभयारण्याच्या अलीकडं मेंढरं घेऊन निघालेले एक आजोबा भेटले.

"कुठलं पाव्हणं?"

"पुण्याचे, आजोबा. हरणं बघायला आलोय."

"मग जावा बिगीबिगी. ऊन चढलं की ती झुडपाखाली बसत्यात. हुडकत बसाल."

"आणि लांडगा? येतो का तुमच्या मेंढरांत?"

"येतो की. येखादं कोकरू नेतोच. पर त्यो बी रानातलाच न्हवं का?"

कोकरू गेल्याचा हिशोब एवढ्या शांतपणे सांगणारा माणूस आपल्या ओळखीत नाही. आपण तर पार्किंगमधला ओरखडा महिनाभर विसरत नाही.

माथा म्हणजे टेकाड

माळावरच्या एका उंच टेकाडावर चढायला पाच मिनिटं पुरतात. धाप लागत नाही, सॅक लागत नाही. वर पोचल्यावर मात्र आपण गप्प होतो. समोर चारही बाजूंना जमीन पसरलेली, तिच्यावर एकही गोष्ट आपल्यापेक्षा उंच नाही आणि उरलेलं सगळं आभाळ. वायव्येला भुलेश्वरच्या रांगेची निळी रेघ. कळसूबाईवरून खाली बघावं लागतं, इथं नुसतं समोर बघायचं.

पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही. नंतर एक दगड हलतो. तो दगड नसतो. चिंकारा! मातकट रंग, पांढरं पोट, तोंडावर पांढरे-तपकिरी पट्टे आणि सतत हलणारी आखूड शेपटी. नराची शिंगं वळ्यावळ्यांची, मादीचीही असतात पण बारीक आणि आखूड. हे प्राणी पाण्यावाचून बराच काळ काढू शकतात. पाल्यातला ओलावा आणि पहाटेचं दव एवढ्यावर त्यांचं भागतं. तुमची चाहूल लागली की ते आधी थांबतात, मग उड्या मारत पळतात आणि थोडं लांब जाऊन पुन्हा वळून बघतात. फोटो काढायचाय? तो तेवढ्यातच.

एकदा नजर बसली की माळ भरायला लागतो. गवतातून तुरुतुरु धावत अचानक थबकणारा धाविक. 'टिट-टिट' करत तक्रार मांडणारी माळटिटवी. हवेत एका जागी पंख फडफडवत गाणारा चंडोल. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी जमिनीलगत तरंगताना दिसतात. नशीब जोरावर असेल तर खोकड. पाच मिनिटांपूर्वी 'इथं काहीच नाही' म्हणणारा मित्र आता दुर्बीण सोडायला तयार नसतो.

'रिकामी' जागा

'इथं काहीच नाही' हे वाक्य माळाला महागात पडलंय. इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, असा सरकारी हिशोब होता. स्वातंत्र्यानंतरही तो पुसला गेला नाही. २००० साली देशाचा पहिला पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला. त्यातही झुडपी माळरानं पडीक याच सदरात मोजली गेली. पडीक म्हटलं की तिचं काहीतरी करावं लागतं. कधी तिथं झाडं लावतात, कधी चर खोदतात, कधी कारखाना येतो. झाडं लावणं वाईट कसं, असं आपल्याला वाटतं. पण चिंकारा आणि धाविक यांना मोकळं गवत लागतं. लांबवर दिसलं तरच त्यांना शत्रू कळतो. दाट झाडी केली की त्यांचं घर गेलंच.

त्यातून हे अभयारण्य सव्वापाच चौरस किलोमीटरचं. चिंकाऱ्याला हद्दीची पाटी वाचता येत नाही. तो रोज बाहेर पडतो, शेतांतून, खासगी माळांवरून फिरतो. तिथं भटकी कुत्री असतात, रस्ते असतात, आणि तारेची कुंपणं असतात. त्या कुंपणांचे मालक कोण, ते सोलापूर हायवेवरच्या होर्डिंगवर वाचा. 'निसर्गाच्या सान्निध्यात एनए प्लॉट, सुलभ हप्त्यांत.' त्या जाहिराती तुमच्या-आमच्यासाठीच असतात. पहिला बोनस आला की गावाकडं एखादा प्लॉट घ्यावा, हे आपल्यापैकी किती जणांच्या एक्सेल शीटमध्ये आहे? घ्या, जरूर घ्या. पण दलालानं 'जागा एकदम रिकामी आहे साहेब' म्हटलं, तर एकदा पहाटे जाऊन बघा. तिथं कुणी राहत असेल.

चांगली गोष्ट अशी, की आता माळाकडं माळ म्हणून बघायला सुरुवात झालीय. २०२४ मध्ये वनविभागानं इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत आणि बारामतीतल्या शिर्सुफळला खास गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. सफारी म्हणजे वाघच, हे समीकरण मोडायला ती पुरेशी आहे.

जाताना

कसं जाल : पुणे-सोलापूर हायवेनं यवतमार्गे चौफुल्याला, तिथून उजवीकडं सुप्याचा रस्ता. किंवा दिवेघाट, सासवड, जेजुरी, मोरगाव असं. दोन्हीकडून साधारण दोन तास.

कधी जाल : पावसानंतर माळ हिरवा असतो, दिवाळीनंतर सोनेरी. पक्ष्यांसाठी हिवाळा. वेळ उजाडतानाची किंवा ऊन उतरल्यावरची.

काय न्याल : दुर्बीण, पाणी, टोपी आणि मळकट रंगाचे कपडे. लाल टी-शर्ट घरी राहू द्या.

काय टाळाल : रस्ता सोडून गाडी घालणं. माळटिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात, ती खड्यांसारखीच दिसतात. सिगारेट तर अजिबात नको. प्रवेशाची वेळ आणि गाडी आत नेण्याचे नियम फाटकावर विचारून घ्या.

परतीच्या वाटेवर मोरगावला दर्शन आणि जेवण. यादीत मात्र सुप्यापुढं टिक मारायला विसरू नका. उंचीचा रकाना कोरा ठेवलात तरी चालेल.