अंगावरून वारे जाण्याआधी : बीड ते परळीचा रस्ता

बीड जिल्हा पाहायचा तर दसरा उलटून गेल्यावर यावे. बालाघाटाच्या डोंगरउतारांवरची सीताफळे बाजारात आलेली असतात आणि बिंदुसरेच्या काठची हवा सुखद झालेली असते. आपण सुरुवात बीड शहरातील कंकालेश्वरापासून करू. हे प्राचीन मंदिर एका कुंडाच्या मधोमध उभे आहे. काठावर बसून थोडा वेळ पाण्याकडे पाहा. वारा लागतो तेथे पाणी हलते. कोपऱ्यात मात्र ते साचून राहते आणि साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरते.

ज्यांच्या घरी हृदयविकाराचे वडीलधारे माणूस आहे, त्यांनी हे चित्र ध्यानात ठेवावे. निरोगी हृदयाचा वरचा कप्पा, म्हणजे कर्णिका, प्रत्येक ठोक्याला आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतो. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या विकारात तो नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. मग डाव्या कर्णिकेच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त रेंगाळते आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली, की आपल्याकडे ज्याला ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात तो पक्षाघात होतो. दोष हृदयात असतो आणि घाव मेंदूवर पडतो.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी झालेल्या दीर्घ अभ्यासातून 1978 साली असे दिसून आले, की या अनियमित ठोक्यांमुळे पक्षाघाताचा धोका पाच पटींहून अधिक वाढतो. त्यासोबत ऱ्हुमॅटिक तापाने आखडलेली झडपही असेल, तर तो सतरा पटींवर जातो. बालपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, ताप उतरला आणि सारे विसरले. पण त्याच तापाने झडप हळूहळू खराब होत गेली, अशी माणसे आपल्या खेड्यापाड्यांत आजही आहेत.

कोयता गेल्यावर

बीडहून मांजरसुंबा, नेकनूर, केज असे करीत अंबाजोगाईकडे निघालात, की या दिवसांत समोरून माणसांनी आणि संसाराने भरलेले ट्रक व ट्रॅक्टर येताना दिसतील. भांडी, अंथरुणे, शेळ्या आणि कडेवरची लेकरे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखोंच्या संख्येने ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत परतता येत नाही. हंगाम संपतो तेव्हा उन्हाळा लागलेला असतो.

मागे गावात कोण राहते? आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे. या लेखाचे मूळ कारण तेच आहे. पक्षाघाताच्या उपचारात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि जितके लवकर मिळेल तितका त्याचा लाभ अधिक. हे साडेचार तास रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यापासून मोजत नाहीत. रुग्णाला शेवटचे धडधाकट कोणी पाहिले, त्या क्षणापासून ते मोजले जातात. रात्री नऊला झोपलेली आजी सकाळी सहाला तोंड वाकडे झालेल्या स्थितीत उठली, तर घड्याळ रात्री नऊपासूनच चालू झालेले असते. घरात दुसरे कोणीच जागे नसेल, तर तो क्षण सांगायचा कोणी?

म्हणून फडावर गेलेल्या मुला-सुनांना एक विनंती. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी घरी फोन करण्याचा नेम ठेवा. नुसते ‘बरे आहे ना’ विचारू नका. दोन पूर्ण वाक्ये बोलायला लावा. शब्द जड येतात का, ऐका. शक्य असेल तर फोनवर चेहरा पाहा आणि हसायला सांगा. तो फोन झाला त्या वेळी माणूस ठीक होते, एवढी नोंदसुद्धा उपचार ठरवताना डॉक्टरांच्या उपयोगी पडते.

नातवंडांनाही शिकवा. पाचवी-सहावीतले मूल हे सहज शिकते : तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात वर उचलल्यावर खाली गळला, बोलणे अडखळले, किंवा एकाएकी दिसेनासे झाले वा तोल गेला, तर घड्याळ पाहायचे, 108 क्रमांकावर फोन करायचा आणि शेजाऱ्यांना हाक मारायची. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली तरीही रुग्णालयात जायचेच. ती बहुधा मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असते.

अंबाजोगाई

मुकुंदराज आणि दासोपंतांच्या समाधींचे, योगेश्वरीचे हे गाव. कोकणातील कितीतरी कुटुंबे कुलदेवतेच्या दर्शनाला येथे येतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी याच गावात शिक्षक म्हणून काम केले आणि त्यांचेच नाव येथील ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला दिलेले आहे. शिकवणारे डॉक्टर आणि मोठे रुग्णालय जिल्ह्याच्या गावाऐवजी ग्रामीण भागात असावे, हा विचार 1970च्या दशकात येथे प्रत्यक्षात आला.

दर्शन झाल्यावर येथे थोडा हिशेब करा. बीड येथून सुमारे 90 किलोमीटर, लातूर सुमारे 60, परळी सुमारे 25. तुमच्या गावापासून सर्वांत जवळचे आणि रात्रीही चालू असणारे सीटी स्कॅन कोठे आहे? मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही आणि स्कॅन झाल्याशिवाय गुठळीचे इंजेक्शन देता येत नाही. ही चौकशी आजच, सवडीने करून ठेवा. लकव्याचे औषध देणाऱ्या गावी आधी जाऊन येऊ, मालीश करून पाहू, या विचारात साडेचार तास निघून जातात. गुठळी मोठ्या रक्तवाहिनीत असेल, तर नळीवाटे ती काढण्याची सोय मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत असते. तेथेही पहिले सहा तास विशेष मोलाचे, निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत.

रुग्णाला नेताना गोळ्यांची पाकिटे आणि तपासण्यांची फाईल सोबत घ्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर ती कोणती आणि शेवटची कधी घेतली, यावर पुढचा निर्णय अवलंबून असतो. घरून निघताना पाणी, चहा वा कोणतीही गोळी तोंडातून देऊ नका. गिळणे बिघडलेले असल्यास ठसका लागून ते फुप्फुसात जाते. ॲस्पिरिनही स्कॅनआधी आपल्या मनाने नको.

गोळीचा नेम

पक्षाघात झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो होऊ न देणे सोपे. अनियमित ठोके असलेल्या बहुतेक वृद्धांना रक्ताची गुठळी रोखणारी गोळी लागते आणि ॲस्पिरिन हा तिला पर्याय नव्हे. झडप चांगली असेल, तर एपिक्साबान, रिव्हारॉक्साबान, डॅबिगॅट्रान यांसारखी नवी औषधे चालतात. धातूची कृत्रिम झडप बसवली असेल, किंवा मिट्रल झडप बरीच आखडली असेल, तर वॉरफरिन वा ॲसेनोकुमारॉल हीच जुनी औषधे लागतात. ऱ्हुमॅटिक हृदयविकार आणि अनियमित ठोके असलेल्या, 24 देशांतील साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. त्यात रिव्हारॉक्साबानपेक्षा जुन्याच प्रकारच्या औषधाने मृत्यू कमी झाल्याचे दिसले. म्हणून शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलू नये.

जुन्या गोळीला आय.एन.आर. नावाची रक्ततपासणी ठरल्या वेळी लागते. बहुतेकांत हा आकडा 2 ते 3 राखतात. धातूच्या झडपेसाठी, विशेषतः मिट्रलच्या, तो काहीसा अधिक असतो. हंगामाला जाण्यापूर्वी मुलांनी पुढील तपासण्यांच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात आणि रक्त द्यायला कोण घेऊन जाईल, ते ठरवावे. मेथी-पालक सोडण्याचे कारण नाही. मात्र एक आठवडा काहीच नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज, असे करू नये. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. काळी शौच, लघवीतून रक्त किंवा डोक्याला मार लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

परळीच्या पायऱ्या

शेवटचा टप्पा परळी वैजनाथ. समुद्रमंथनातून निघालेले धन्वंतरी आणि अमृत या ज्योतिर्लिंगात सामावले, अशी येथील आख्यायिका. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या या मंदिराच्या पायऱ्या सावकाश चढा आणि वर पोहोचल्यावर क्षणभर टेका. मग सोबतच्या वडीलधाऱ्यांच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवा. एक मिनिट मोजा. ठोके एका लयीत आहेत, की मध्येच घाई आणि मध्येच विराम असे विस्कळीत? विस्कळीत वाटले, तर परतल्यावर ईसीजी काढून घ्या. अनेकांना हा विकार असल्याचे पक्षाघात होईपर्यंत ठाऊकच नसते.

महाशिवरात्रीचा उपवास जरूर करा, पण गोळीने उपवास मोडत नाही, हे घरातल्या आजीला आवर्जून सांगा. आणि गोळी विसरलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

परतीच्या वाटेवर पुन्हा ते भरलेले ट्रॅक्टर भेटतील. त्यातल्या प्रत्येक जोडीमागे कोठेतरी एक उंबरा आहे, जेथे दोन म्हातारी माणसे थांबली आहेत. तुमच्या गल्लीतही असा उंबरा असेल. सकाळी दूध आणायला जाताना त्या दारात एक हाक द्या आणि उत्तर नीट ऐका.