झाकण

आत्या आजारी आहे हे आमच्या घरात सर्वांत आधी लोणच्याच्या बरणीने सांगितले. जिने जन्मभर विहिरीचे पाणी ओढले, पंधरा माणसांच्या भाकरी थापल्या, तिला बरणीचे झाकण उघडेना. "हाताला घाम आलाय रे," म्हणत तिने बरणी माझ्यापुढे सरकवली. मीही हसत उघडून दिली. महिन्याभरात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले.

आत्या अंगाने भरलेली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "तब्येत काही उतरलेली दिसत नाही." तेवढाच आम्हाला धीर वाटे. आम्ही तिला पलंगावरून उठू देत नव्हतो. तांब्या उशाशी, जेवायला पेज आणि मऊ भात. प्रेमाची आमची कल्पना एवढीच होती.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी तिच्या हातात पकड मोजायचे यंत्र दिले. काटा 14 किलोंवर थांबला. आशियाई स्त्रियांत 18 किलोंच्या खालची पकड दुबळी मानतात. मग त्यांनी सीटी स्कॅनवर कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचा छेद दाखवला. करडे ते स्नायू, काळी ती चरबी. काळेच फार होते. "मावशींचं वजन आहे, पण ते चरबीचं. मांस झिजलंय."

या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1989 मध्ये ग्रीक शब्द जोडून हे नाव सुचवले. अर्थ, मांसाचे दारिद्र्य. भाषेचा विद्यार्थी म्हणून एरवी मी या शब्दावर खूश झालो असतो. त्या दिवशी तो घशात अडकला.

डॉक्टर समजावीत होते. जखम भरायला शरीर प्रथिने मागते, आणि अन्नातून ती पुरली नाहीत तर स्नायू मोडून घेते. म्हणजे स्नायू ही अडीअडचणीची कणगीच. ती रिकामी असेल तर जखम रेंगाळते. श्वासाचे स्नायू दुबळे असले की कफ खोकून टाकता येत नाही आणि न्यूमोनिया गाठतो. अशा रुग्णांत गुंतागुंत अधिक होते, इस्पितळातला मुक्काम लांबतो, पुढे जगण्याची शक्यताही घटते. "कर्करोग स्नायू झिजवतोच," ते म्हणाले, "पण अंथरूणही झिजवतं." बाबांनी मान खाली घातली. मीही.

तीन आठवडे मिळाले. खुर्चीतून हात न टेकता उठणे, ओसरीत फेऱ्या, दीर्घ श्वास. वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने, म्हणून डाळ, दही, पनीर. एकादशी मोडायला ती तयार होईना. शेवटी बाबा म्हणाले, "अक्का, पांडुरंगाची समजूत मी घालीन." तेव्हा ती जेवली.

तीन आठवड्यांत गेलेले मांस परत येत नाही. काटा 15 वर गेला, एवढेच. शस्त्रक्रिया झाली. टाक्यांचे एक टोक बरेच दिवस ओले राहिले आणि मुक्काम लांबला. पण दुसऱ्याच दिवशी ती माझ्या खांद्याला धरून चार पावले चालली, आणि पोटावर उशी दाबून खोकली. तो खोकला ऐकून बाबा व्हरांड्यात जाऊन रडले.

आत्या आता घरी आहे. उद्याचे कोणी सांगावे? बरणी अजून मीच उघडतो. मात्र ती आधी स्वतः झटते, आणि मी मध्ये हात घालीत नाही.