चेनप चेद!

आमच्या चौथीच्या वर्गातल्या मुलींची एक गुप्त भाषा आहे. "चेनप चेद," असं एक जण म्हणते आणि दुसरी लगेच पेन देते. त्यांना वाटायचं, बाईंना काही कळत नाही. एक दिवस मी फळ्याकडे तोंड करूनच म्हटलं, "चप्पग चसाब!" साऱ्या वर्गात हशा पिकला. अहो, चची भाषा आम्हीही लहानपणी बोललोच की! शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथे च घालायचा आणि काढलेलं अक्षर शेवटी जोडायचं. युक्ती कळली की गुपित संपलं.

पण त्याच महिन्यात माझंच एक गुपित उघड्यावर पडलं. ती गोष्ट सांगते.

आमचं जेऊर म्हणजे करमाळा तालुक्यातलं रेल्वे स्टेशनचं गाव. एका संध्याकाळी मी गावातल्या एका दुकानात फॉर्म छापायला गेले. पेनड्राइव्ह लावला, कागद घेतले, पैसे दिले आणि घरी आले. रात्री भाकरी थापताना एकदम आठवलं, पेनड्राइव्ह तिथेच राहिला! त्यात माझ्या वर्गातल्या 38 मुलांची यादी होती. नाव, जन्मतारीख, पालकांचा फोन, बारा आकडी आधार नंबर, बँकेचा खाते नंबर, सगळं एकाच फाइलमध्ये. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी दारात हजर. दुकानदारदादांनी पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता. जीव भांड्यात पडला. पण घरी येताना मनात आलं, पेटीचं कुलूप कोणी तोडलं तर ते दिसतं. फाइल कोणी वाचली, तिची नक्कल केली, तर ते कसं दिसणार?

पालकसभेत मी सगळं खरं सांगितलं. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग एक आई म्हणाली, "बाई, आम्ही तुमच्या भरवशावर कागद दिले होते." ती रागावली नव्हती, म्हणूनच जास्त लागलं.

मी म्हणाले, "माझ्या कॉम्प्युटरला पासवर्ड आहे हो." तेव्हा कॉलेजात शिकणारा एक दादा हसला. "बाई, तो दाराचा पासवर्ड. आतली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, तर फायली वाचता येऊ शकतात. आणि पेनड्राइव्हला तर दारच नाही! फाइलच कुलूपबंद करायला हवी." याला एन्क्रिप्शन म्हणतात. मजकुराचं असं गणिती मिश्रण करायचं की किल्लीशिवाय तो नुसता गिचमिड दिसावा.

गंमत अशी की ही हौस जुनीच आहे. आपल्याकडे करपल्लवी होती. हाताने नागाचा फणा केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र केलं की च-वर्ग; मग बोटं दाखवून त्यातलं कितवं अक्षर ते सांगायचं. पण इथेही तेच, रीत कळली की गुपित फुटलं.

1883 साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषेच्या प्राध्यापकांनी लिहून ठेवलं, की रीत शत्रूला कळली तरी चालेल, फक्त किल्ली कळता कामा नये. आजचं एन्क्रिप्शन याच तत्त्वावर चालतं. एईएस ही त्यातली प्रसिद्ध पद्धत दोन बेल्जियन संशोधकांनी तयार केली आणि 2001 साली अमेरिकेने ती प्रमाण मानली. तिची रीत कोणालाही वाचता येते. पण 256 बिटांची किल्ली असेल, तर शक्य किल्ल्यांची संख्या 78 आकडी होते! एकेक लावून बघणाऱ्याचा जन्म पुरायचा नाही.

त्या दादाने मला व्हेराक्रिप्ट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावून दिला. तो कॉम्प्युटरमध्ये एक तिजोरी तयार करतो. पासवर्ड दिला की उघडते, काम झालं की बंद करायची. आता यादी तिजोरीतच असते. उघडी फाइल मी पेनड्राइव्हवर ठेवतच नाही, कारण डिलीट केलेली फाइलही पुन्हा काढता येते. दुकानात न्यायचं तर लागेल तेवढंच पान नेते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा बरं का! पासवर्ड म्हणून जन्मतारीख किंवा गावाचं नाव नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. आणि तो विसरलात, तर तिजोरी बनवणाऱ्यालाही ती उघडता येत नाही. म्हणून मी माझा पासवर्ड वहीत लिहून घरच्या कपाटात, कुलपात ठेवलाय. तिजोरीची एक नक्कलही वेगळी ठेवली आहे.

पुढच्या पालकसभेत त्याच आईने धाकट्याचे कागद माझ्या हातात दिले. म्हणाली काहीच नाही. मी ते दोन्ही हातांनी घेतले.

आणि मुलींनो, तुमची चची भाषा चालू द्या. पण घरचा फोन नंबर मात्र चचीतही कोणाला सांगू नका!