रिबन

आमची मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला रिबनींवर प्रोजेक्ट करते, असे मी बँकेत सांगितले तेव्हा शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारले, "होम सायन्स का हो?" चूक त्यांची नाही. रिबन म्हटले की मलाही तिच्या शाळेच्या वेण्यांच्या दोन लाल रिबनीच आठवतात. त्यांतली एक रोज रिक्षा दारात आल्यावर हरवायची.

ही रिबन ग्राफीनची. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा षटकोनी विणीचा. पेन्सिलीतले ग्रॅफाइट मिलिमीटरभर जाडीचे घेतले तर त्यात असे सुमारे तीस लाख थर बसतात. मँचेस्टरच्या गाइम आणि नोवोसेलोव्ह या जोडीने २००४ साली तो सुटा करून दाखवला, आणि कशाने? तर चिकटपट्टीने! लावायची, ओढायची, पुन्हा लावायची. २०१० साली दोघांना नोबेल. (यांतल्या गाइमसाहेबांनी १९९७ साली चुंबकाच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवला होता. म्हणजे माणूस मुळातच उचापती.) मी वीस वर्षे लोकांनी फाटक्या नोटांना लावलेल्या चिकटपट्ट्या सोडवतोय, पदरात वार्षिक इंक्रिमेंटपलीकडे काही नाही.

तर त्या रविवारी बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची मुदत रात्री बाराला संपणार होती. अर्ज मीच कॉम्प्युटरवर भरून ठेवलेला. तिने फक्त 'हो' म्हणायचे होते. ती म्हणाली, "बाबा, मला पीएच.डी. करायचीय. मी काय करते ते आधी ऐका तरी."

मी ऐकायला बसलो. बी.कॉम. झालेला माणूस याहून अधिक काय करणार?

"ग्राफीनमधून वीज वाहायची पूर्ण थांबतच नाही. त्यामुळे त्याचा चांगला स्विच होत नाही."

"म्हणजे एक तारखेच्या पेन्शनरांसारखं."

"हं. पण त्याची काही नॅनोमीटर रुंदीची पट्टी कापली, की इलेक्ट्रॉनच्या वाटेत एक गॅप पडते. पट्टी जितकी अरुंद तितकी गॅप मोठी." तिने अर्जाच्या प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने षटकोन काढले. पट्टीची कड दोन तऱ्हांची. एक झिगझॅग, दुसरीचे नाव आर्मचेअर. आरामखुर्ची! मला शास्त्राबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. या आरामखुर्चीवाल्या पट्टीत रुंदीकडून अणूंच्या ओळी मोजायच्या आणि तीनने भागायचे. बाकी दोन उरली तर गॅप सगळ्यांत लहान.

'बाकी' ऐकल्याबरोबर मी खुर्ची पुढे ओढली.

झिगझॅग पट्टीत काही इलेक्ट्रॉन कडांनाच चिकटून असतात, एका कडेचे स्पिन वर तर दुसऱ्या कडेचे खाली. पट्टीला आडवे विद्युतक्षेत्र पुरेसे लावले तर एका स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना वाट मोकळी आणि दुसऱ्यांना बंद, असे २००६ साली गणिताने दाखवले गेले. एका खिडकीवर 'लंच टाइम'ची पाटी, शेजारची चालू. चुंबकीय क्षेत्राची तऱ्हा आणखी वेगळी. ते पट्टीला काटकोनात आणि जोरदार असले, की मधले इलेक्ट्रॉन जागच्या जागी गोल फिरतात. कडेच्यांचा फेरा पुरा होत नाही, म्हणून ते कडेकडेने उड्या मारत पुढे सरकतात. हे मात्र मला लगेच समजले. हेड ऑफिसला गेलेली आमची रजेची फाइल मधल्या टेबलांवर अशीच फिरते. शिपायाला धरून भिंतीकडेने गेलेली तेवढी बाहेर पडते.

"बाबा, तुम्हाला कळतंय!" ती म्हणाली. शाळेत असताना मी तिला व्याजाची गणिते शिकवायचो, तेव्हा ती अशी बघायची.

मी घड्याळाकडे पाहिले. पावणेबारा. फेलोशिप मिळेल का, किती वर्षे लागतील, पुढे नोकरीचे काय, सगळे एकदम डोक्यात आले.

"आणि बाकी एक उरली तर?" मी विचारले.

"तर गॅप सगळ्यांत मोठी! थांबा, दाखवते." तिने नवा कागद ओढला.

साडेबाराला सौ. उठून आली. "भरलात का हो अर्ज?"

"अगं, बोलता बोलता वेळेचं भानच राहिलं नाही," मी म्हणालो. पावणेबाराचे मी दोघींनाही अजून सांगितलेले नाही.