मोडीचा नवा विद्यार्थी

हातानें लिहिलेला जुना कागद संगणकानें वाचून दाखवावा, ही गोष्ट आतां केवळ कल्पनेंतली राहिलेली नाहीं. २०२५ सालीं रुरकी येथील आय. आय. टी.च्या संशोधकांनीं दोन हजारांहून अधिक मोडी लेखांचीं चित्रें व त्यांचें देवनागरी रूप एकत्र करून यंत्रास ही आपल्या जुन्या दप्तरांची धांवती लिपि शिकविण्याचा उद्योग केला. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील रुमालांचा विचार केला म्हणजे अशा साहाय्यकाची गरज सहज पटते. तें सारें वाचावयास एका माणसाचा जन्म पुरणार नाहीं.

खारघरास सिडकोचें नगर वसण्यापूर्वीं आमचें शेत होतें. त्याचा एक मोडी कागद घरीं जपून ठेवलेला आहे. कोणाचा वाटा किती, हें त्यांत लिहिलें आहे असें आजी सांगे. परंतु घरांत तो कोणासच वाचतां येत नाहीं. तो यंत्राच्या स्वाधीन करावा, असें आम्हां सर्वांस वाटतें. पण मोडींत शब्द एकमेकांस जोडून लिहितात व ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात. तेथें यंत्रास अर्थावरून तर्क करावा लागतो. तो चुकला, तर एकाचा वाटा दुसऱ्याच्या नांवें वाचला जाईल!

वाचकहो, यंत्र हा गुरु नव्हे, विद्यार्थी आहे. जाणकारांनीं वाचून दिलेल्या पानांवरूनच तें शिकतें. जाणकारच उरले नाहींत, तर त्याची चूक दाखविणार कोण? म्हणून यंदां मीं मोडीचीं अक्षरें गिरविण्यास प्रारंभ केला आहे. आपल्याही घरच्या पेटींत असा कागद असेल, तर तो आधीं जपावा, आणि मग वाचावयास शिकावें.