शनिवारवाड्याचीं जोतीं

पुण्याच्या माणसाला शनिवारवाडा पाहण्याचा योग सहसा येत नाहीं. बाहेरगांवचे पाहुणे आले म्हणजे त्यांना घेऊन दिल्ली दरवाजापर्यंत जावें, तटाकडे बोट दाखवावें आणि उन्हाचें निमित्त करून माघारीं फिरावें, असा आमच्या घरचा पिढीजाद रिवाज आहे. गेल्या मार्गशीर्षांत मात्र घरांतील मंडळी मुद्दाम वेळ काढून वाडा पाहावयास गेली, आणि त्याला कारणही तसेंच घडलें होतें.

आमचा सदाशिव पेठेंतील राहता वाडा पाडून त्या जागीं नवी इमारत उठवावी, असें घरांत घाटत होतें. आम्हां तिघां भावांची संमति झालेली होती. करारनाम्याचे कागद व नकाशे देव्हाऱ्याशेजारच्या फडताळांत येऊन पडले होते. आत्याबाईंचा हिस्सा असल्यामुळें त्यांची सही तेवढी व्हावयाची होती. आणि त्या होही म्हणत नव्हत्या व नाहींही म्हणत नव्हत्या. एके दिवशीं जेवतांना त्या एवढेंच म्हणाल्या, "सही करीन, पण आधीं मला शनिवारवाडा दाखवा. ऐंशी वर्षें पुण्यांत काढलीं, पण आंत पाऊल टाकलें नाहीं."

पुढच्याच रविवारीं सकाळीं आत्याबाई, वहिनी, मुलें व आम्ही असे सारे निघालों. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे. थोरल्या बाजीरावांची दृष्टि कोणीकडे लागलेली होती हें त्या नांवावरूनच कळतें. हत्तींनीं धडक देऊं नये म्हणून दारांवर अणकुचीदार लोखंडी खिळे बसविलेले आहेत. आमच्या पुतण्यानें एका दारावरचे मोजले. आठ-आठांच्या नऊ रांगा, म्हणजे बहात्तर भरले. दरवाजावर नगारखाना आहे. तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा आहे. दगडी तट बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून पुढचें काम विटांत उरकावें लागलें, अशी कथा सांगतात. आत्याबाईंनीं ती मुलांना तेथेंच ऐकविली.

या वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत झाली. दोन्ही दिवशीं शनिवार होता, त्यावरून वाड्यास नांव पडलें. सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून आणला. खर्च आला १६,११० रुपये. पुढें प्रत्येक पेशव्यानें आपापल्या हौसेप्रमाणें भर घातली. नानासाहेबांनीं १७५५ सालीं गणपति रंगमहाल उठविला. आरसेमहाल, हस्तिदंती महाल अशीं नांवें ऐकूनच मुलें हरखलीं होतीं, आणि देवडी ओलांडतांना तीं आमच्या पुढें धांवत होतीं.

आंत गेल्यावर मात्र त्यांचा विरस झाला. समोर हिरवळ, फुलांचे ताटवे, आंखलेल्या पायवाटा आणि त्यांच्या मधून मधून कोठें गुडघाभर, कोठें कमरेइतकीं उंच अशीं दगडी जोतीं. याखेरीज कांहीं नाहीं. धाकट्यानें आमचा सदरा ओढून विचारलें, "काका, वाडा कोठें आहे?" शनिवारवाड्यांत 'काका' ही हाक ऐकली कीं पुणेकराच्या अंगावर शहारा आल्यावांचून राहत नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं कोवळ्या वयाच्या नारायणराव पेशव्यांवर याच वाड्यांत गारद्यांनीं तरवार चालविली, आणि काकांना घातलेली त्यांची हांक लोकांनीं कथांतून आजतागायत जागती ठेवली आहे. येथेंच १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव माडीवरून खालीं कोसळले व दोन दिवसांनीं वारले. या सर्व गोष्टी आम्हांस तोंडपाठ होत्या. पण त्या कोणत्या जोत्यावर घडल्या असें मुलांनीं विचारल्यावर आमची वाचा बंद झाली.

तेव्हां आत्याबाई पुढें झाल्या. इतिहासाचें पुस्तक त्यांनीं फारसें उघडलेलें नाहीं, पण वाडा ही वस्तु त्यांना हातच्या रेषांसारखी ठाऊक आहे. जोत्यावरील एका चौकोनी दगडावर काठी टेकवून त्या म्हणाल्या, "हा तळखडा. यावर सागाचा खांब. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. आतां मोजा पाहूं किती खणांची सोपा होती ती." मुलें मोजूं लागलीं. पाण्याचा उतार पाहून त्यांनीं मोरीची जागा सांगितली, पायऱ्यांच्या तोंडावरून जिना ओळखला, आणि मधला खोलगट चौरस पाहून "हा चौक, येथें भोंवतीं ओसरी असणार" असें सांगितलें. त्यांचें सर्वच बरोबर असेल असें नाहीं. परंतु अर्ध्या घटकेंत त्या उघड्या मैदानावर खांब उभे राहिले, आणि मुलें न दिसणाऱ्या उंबरठ्यांवरून पाय उचलून चालूं लागलीं.

हिंडतां हिंडतां आम्ही हजारी कारंज्यापाशीं आलों. सोळा पाकळ्यांचें तें दगडी कमळ त्या दिवशीं कोरडें होतें. नानासाहेबांच्या काळीं कात्रजला तलाव बांधून तेथून चुनेगच्ची नळानें, केवळ जमिनीच्या उतारावर, चार-पांच मैलांवरून पाणी गांवांत आणलें. तेंच पाणी वाड्यांत खेळलें आणि तेंच पेठांतील हौदांत पडलें. "आपल्या बोळाच्या तोंडाशीं हौद होता, तुमच्या पणजीनें तेथून घागरी वाहिल्या," असें आत्याबाई म्हणाल्या, तेव्हां तें कोरडें कमळ मुलांना एकाएकीं घरचें वाटूं लागलें.

वाडा गेला कसा, हें मुलांना सांगणें ओघानेंच आलें. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं वाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. फेब्रुवारी १८२८ मध्यें आग लागली ती सात दिवस धुमसत राहिली, आणि सागवानी वैभवाची राख झाली. उरल्यासुरल्या जागेंत कधीं तुरुंग, कधीं दवाखाना असे संसार झाले. १९१९ सालीं ही जागा संरक्षित स्मारक ठरली, आणि पुढें माती उकरल्यावर हीं जोतीं उजेडांत आलीं.

मग दिवाणखान्यांचीं नांवें आपल्याला कळलीं कशीं, असा पुतण्याचा प्रश्न आला. त्याचें उत्तर असें कीं, लांकूड जळलें तरी कागद वांचला. पेशवे दफ्तर पुण्यांतच आहे; त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड रियासतकार सरदेसायांनीं संपादिले. सवाई माधवरावांच्या दरबारांत १७९० सालीं इंग्रज वकील मॅलेट तहासाठीं बसलेला आहे, असें एक भव्य चित्र टॉमस डॅनियल नांवाच्या चित्रकारानें १८०५ मध्यें पुरें केलें. तें आतां लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. तो दरबार त्यानें स्वतः पाहिलेला नव्हता. पुण्यांत राहिलेल्या जेम्स वेल्स या चित्रकारानें करून ठेवलेल्या रेखाटनांवरून त्यानें तें रंगविलें. पाहणारानें टिपून ठेवलें, म्हणून न पाहणाराला दाखवितां आलें.

आत्याबाई हें सर्व लक्षपूर्वक ऐकत होत्या. परततांना त्या म्हणाल्या, "पेशव्यांचा वाडा आगीनें नेला. आपला आपण आपल्या हातानें उतरविणार. आपल्याला आगीची सबब नाहीं."

घरीं आल्यावर त्यांनीं नकाशा मागितला. इमारत बांधणाऱ्या गृहस्थांनीं जुन्या वाड्याचें मोजमाप करून जो आराखडा काढला होता, त्यांत माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीवर 'अडगळ' असें लिहिलेलें होतें. आत्याबाईंनीं तेथें बोट ठेवलें. "ही बाळंतिणीची खोली. तुम्ही तिघे भाऊ येथें जन्मलां, तुमचे वडील येथें, मीही येथेंच. अडगळ काय म्हणून?" आम्हां तिघांनाही तें ठाऊक नव्हतें. पुरुषांच्या बैठका, सदर, माडी हें सारें आम्हांस सांगतां आलें असतें. पण घरांतील बायकांचा जन्म ज्या जागांत गेला, त्यांचीं नांवें फक्त आत्याबाईंपाशीं होतीं.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारीं त्या सांगत, वहिनी लिहून घेत आणि मुलें फीत धरून मापें घेत. कोठीची खोली, जात्याची जागा, चुलींचीं तोंडें, पाटाखालचें तळघर, मुलांची उंची मोजल्याच्या खांबावरील रेघा, परसांतील आडाची खोली असें करतां करतां दोन वह्या भरल्या. बाविसाव्या दिवशीं आत्याबाईंनीं चष्मा पुसला व करारनाम्यावर सही केली. 'अडगळ' हा शब्द त्यांनीं आधीं स्वतःच्या हातानें खोडला होता.

वाडे राखावे कीं पाडावे, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा व सोईचा प्रश्न आहे. त्यांत आम्ही उपदेश करूं इच्छीत नाहीं. परंतु वाचकांपैकीं ज्यांचीं घरें अजून उभीं आहेत आणि घरांत एखादी वडील स्त्री आहे, त्यांनीं शनिवारवाड्याचीं जोतीं एकदां पाहून यावीं. जातांना मुलांना बरोबर न्यावें, आणि परत आल्यावर एक कोरी वही काढावी.